पाचवं नाव

अहमदनगर,
४ ऑगस्ट १९७२

चि. चांगुणा हिस अनेक आशीर्वाद.

चेंडू शिवून आणला. मैदानाचा शिपाई मच्छिंद्र माळीवाड्यात मोच्यासमोर दोन तास बसून राहिला तेव्हा काम झालं. आता उसळतो, पण एका अंगाला जरा जास्त. रंगू म्हणते, "बाई, ह्यो चेंडू आपल्या टीमवानीच हाय. कुठं जाईल ते त्याचं त्यालाच ठावं न्हाई."

पाऊस नाही. तुमच्या जामखेडकडे तर काय असेल, याची कल्पना करवत नाही. होस्टेलला दिवसाआड टँकर येतो आणि प्रत्येकीला एकच बादली मिळते. कोर्टावर पाणी मारणं बंद करा, असं प्राचार्यांचं पत्र आलं. मुरमाच्या कोर्टावर पाणी मारून रोलर फिरवला नाही तर दोन दिवसांत त्याचा फुफाटा होतो, पाय सरकतात, हे तुला मी काय सांगायचं! मग मुलींनी आपसांत ठरवलं. अंघोळ परातीत बसून करायची आणि परातीत साठलेलं पाणी कोर्टावर शिंपडायचं. आपल्या कोर्टाला हल्ली साबणाचा वास येतो. परवा लंका फ्री थ्रोच्या रेषेजवळ घसरून पडली, तर बायडा म्हणाली, "तुझ्याच साबनावरनं पडलीस, आता कुनावर केस करतीस?"

अशा हसतात. मला ते हसणं ऐकवतं आणि ऐकवत नाही.

तू गेल्यापासून पाच सामने झाले, पाचही आपण हरलो. तुझ्या जागी आलेली कर्जतची मुलगी जुलैमध्ये घरच्यांबरोबर दुष्काळी कामावर निघून गेली. आता रंगू, बनू, लंका आणि बायडा अशा चौघीच उरल्या आहेत. सामना सुरू होताना कोर्टात पाचजणी उभ्या नसल्या तर पंच पंधरा मिनिटं वाट पाहतात आणि सामना समोरच्या संघाला देऊन टाकतात. पुढे एखादी बाहेर बसली तरी चालतं, सुरुवातीला मात्र पाच लागतात. प्राचार्य म्हणाले, "विजयमालाबाई, डिसेंबरच्या स्पर्धेत संघ उतरला नाही तर खांब काढून घेऊ. तिथे चाऱ्याच्या गंजी तरी लागतील." त्यांचंही काही चुकत नाही. या वर्षी बास्केटबॉल कुणाला हवा आहे?

मला हवा आहे. का, ते नीट सांगता येत नाही.

तुझं नाव मी पटावरून काढू दिलेलं नाही. दुष्काळी भागातल्या मुलांना फी माफ झाली आहे. तू वर्ष पुरं करावंस असं मला वाटतं. खेळासाठी म्हणून नाही. खेळासाठीही.

आई कशा आहेत? त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
विजयमालाबाई


अहमदनगर,
१० सप्टेंबर १९७२

चि. चांगुणा हिस अनेक आशीर्वाद.

उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल, असं धरून पुन्हा लिहिते.

काल कॅम्पातल्या शाळेच्या मुलींशी सरावाचा सामना झाला. शाळेच्या मुली, चांगुणा! पाचवी म्हणून त्यांचीच एक आम्ही उसनी घेतली आणि तरीही हरलो. वही लिहायला नेहमीप्रमाणे मी टेबलाशी. तीन वर्षांपूर्वी वही लिहायला कुणीतरी बाई हवी होती. लायब्ररी आणि होस्टेल सांभाळणारी मी रिकामीच आहे, असा सगळ्यांचा समज, म्हणून मला बसवलं. तेव्हा मला फाउल म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. आता झोपेतही गुण मोजते.

एक सांगते, कुणाला बोलू नकोस. उत्तरार्धात मी मान वर केली तेव्हा कुंपणाजवळ, लिंबाच्या खोडाला टेकून, खांद्यावर घोंगडी टाकलेलं एक माणूस उभं होतं. बघत होतं. खेळाकडे नाही, माझ्याकडे. मी एक गुण लिहून पुन्हा पाहिलं तर तिथे कुणी नव्हतं. मच्छिंद्रला विचारलं. म्हणाला, "कुनी न्हाई बाई, ऊन लागलं असंल तुमास्नी."

तुझे वडील त्याच जागी उभे होते, आठवतं? तुझं पहिलं वर्ष होतं. सहादेवराव हुलग्यांचं गाठोडं घेऊन आले होते आणि तू खेळत होतीस म्हणून तिथेच थांबले. मी पाणी घेऊन गेले तर मला म्हणाले, "बाई, ह्या टोपलीला बूड न्हाई व्हय?"

"नाही. चेंडू खाली पडायला हवा ना."

"म्हंजी पोरींनी टाकायचा, त्यो पडायचा, पुन्यांदा टाकायचा."

"हो."

"दिसभर?"

"चाळीस मिनिटं."

त्यांनी जरा विचार केला. "मंग आमच्या शेतीवानीच हाय की! आमचं चाळीस मिन्टात आवरत न्हाई येवढंच." आणि तेवढ्यात तुझा चेंडू रिंगमधून गेला, तर एवढा मोठा माणूस टाळी वाजवून ओरडला, "गेला बगा बुडातनं!" सगळं मैदान त्यांच्याकडे बघायला लागलं. त्या दिवशीही आपण हरलोच. पण निघताना त्यांनी पायात वहाणा सरकवल्या आणि म्हणाले, "पोरगी तुमच्या हवाली हाय, बाई."

हे वाक्य मी हल्ली फार वेळा ऐकते. लायब्ररीत भर दुपारी, कुणी नसताना. मैदानाकडची खिडकी मी आता बंद ठेवते. तरी चेंडू आपटल्याचा आवाज येतो. उठून पाहावं तर कोर्ट रिकामं, आणि त्यावर ओलं काही नाही, पावलंही नाहीत.

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील.

तुझी,
विजयमालाबाई


अहमदनगर,
१७ ऑक्टोबर १९७२

चि. चांगुणा हिस अनेक आशीर्वाद.

सहादेवरावांना जाऊन आज वर्ष झालं.

तुमच्याकडे आज काय केलंत? आईंना तर सकाळपासून काही सुचलं नसेल. मी उपास केला. माझं नातं नाही, सुतक नाही, उपासाचा हक्कही नसेल, पण घास उतरला नाही. मुलींनी विचारलं, तर पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

प्राचार्यांच्या खोलीबाहेर तो फोटो अजून आहे. तेवीस-बावीस. तीन वर्षांत जिंकलेला एकुलता एक सामना, म्हणून त्यांनी काच लावून घेतला. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. तू मधोमध, चेंडू कमरेशी धरलेला, केस सुटलेले, आणि हसते आहेस. शेवटचा चेंडू तुझा होता ना! रंगूचे डोळे मिटलेले आलेत, त्यावरून तिला अजून चिडवतात. मी कडेला, वही छातीशी धरून उभी. मी त्या फोटोत बरी आलेली नाही. लायब्ररीत जायला तोच रस्ता आहे, पण मी हल्ली मागच्या जिन्याने जाते.

फोटोवाला कॅमेरा लावायला किती वेळ घेत होता. "बाई, हसा की," म्हणाला. मी हसले.

चांगुणा, त्या दिवसाबद्दल तुला काही विचारायचं असेल तर विचार. मी सांगीन. तू विचारलंस तर सांगीन.

काल मुलींना म्हटलं, चौघीजणी कशाला ऊन खाता, द्या सोडून. बनू म्हणाली, "तुमी सोडा बाई. आमी न्हाई सोडत. चांगुणाक्का आली तर कुठं खेळंल?"

लंकाने आज तुझी पाच नंबरची जर्सी धुऊन वाळत घातली होती. तारेवर ती वाऱ्याने फुगली आणि मला क्षणभर भलतंच वाटलं.

तुझी,
विजयमालाबाई


अहमदनगर,
१२ नोव्हेंबर १९७२

चि. चांगुणा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं! चौघींना मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे अर्धं वाचून दाखवलं. तळ्याच्या कामावर खडी फोडून हात असे घट्ट झालेत की चेंडू आता सुटायचा नाही, हे वाचल्यावर बायडाने नाचून घेतलं. मुकादम दोन दिवस सोडतो म्हणाला, हे उत्तम झालं. स्पर्धा १० डिसेंबरला, रविवारी, आपल्याच कोर्टावर. सामना साडेदहाला. तू शनिवारीच ये. नाहीतर पहाटेची जामखेडची गाडी धर, ती दहापर्यंत पोचते.

बाकीचं अर्धं मी एकटीने वाचलं. ते इथे उतरून काढते, कारण ते तूच लिहिलं आहेस याची माझी मला खात्री करून घ्यायची आहे.

"बाई, तार आल्याबरोबर तुम्ही टांगा करून मला गाडीत बसवलं, तुमच्या डब्यातली भाकरी दिली. दादा गेल्यावर पोचले, पण माती तरी घावली. आई अजून म्हणती, बाई नसत्या तर पोरीला बापाचं तोंड सुदिक दिसलं नसतं. तुमची पत्रं आली तवा मला लिहवत नव्हतं, म्हणून राग मानू नका. तुम्ही माझ्यासाठी केलं ते मी इसरनार न्हाई. फोटो हाय म्हणता, त्याची एक प्रत द्या. आईला दाखवते."

फोटोची प्रत काढायला टाकते.

ये. वाट पाहते.

तुझी,
विजयमालाबाई


अहमदनगर,
२५ नोव्हेंबर १९७२

चांगुणा,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तेरा दिवस मी गप्प बसले. तू येणार होतीस, पाचजणी पुऱ्या होणार होत्या, खांब राहणार होते. त्यासाठी मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं न बोलणं. ते मला येतं, हे गेल्या वर्षी सिद्ध झालंच आहे.

या पत्राबरोबर तुझी तार पाठवते आहे. तू ती कधी पाहिली नाहीस. मी तोंडी सांगितलं होतं, आणि तू कागद मागितला नाहीस. अशा वेळी कोण मागतं? "फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली." वर तारघराची वेळ आहे, आठ पंचवीस. तारवाला होस्टेलच्या ओसरीवर आला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

सामना संपल्यावर नव्हे, चांगुणा. सामन्याच्या आधी.

मुलींना आलेलं प्रत्येक पत्र, प्रत्येक तार रेक्टरने आधी उघडून वाचायची, असा होस्टेलचा नियम. तुम्ही सगळ्या त्यावर चिडायचात. मी फोडली, वाचली. जामखेडची गाडी दहाला होती आणि स्टँड पायी पंधरा मिनिटांवर. तू अंगणात बुटाच्या नाड्या बांधत होतीस. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतक्या जवळ.

माझ्याजवळ एक सबब होती. ती तुलाही माहीत आहे. त्याच जानेवारीत बनूला "मदर सीरियस" म्हणून तार आली होती. ती रडत गावी गेली तर आई चुलीपाशी ठणठणीत, आणि ओसरीवर पाहुणे पोहे खात बसलेले, मुलगी बघायला. त्याआधी दोघींना तसंच बोलावून घेतलं होतं. होस्टेलात तर "सीरियस" म्हणजे लग्न, असा विनोदच झाला होता. मी स्वतःला म्हटलं, सहादेवरावांनी स्थळ आणलं असेल. एवढी शिकणारी पोर, सामना खेळून जाईल, काय बिघडतं?

हे मी स्वतःला म्हटलं. पण मला ते पटलं नव्हतं. ज्या माणसाने टोपलीला बूड नाही का म्हणून विचारलं, तो मुलीला खोट्या तारेने बोलावणारा नव्हता. मला ते नऊ वाजून दहा मिनिटांनीच कळत होतं. म्हणून तर मी तार टेबलावर ठेवली नाही, वहीत घातली.

तू गेली असतीस तर चौघी उरल्या असत्या आणि सामना न खेळताच गेला असता. तसं झालं तर संघ त्याच दिवशी बंद करू, असं प्राचार्यांनी तेव्हाही बजावलं होतं. पण तेवढंच नाही. चांगुणा, मी तोवर बावीस सामने लिहिले होते आणि बावीसही हरलेले. माझ्या वयाच्या बायकांची मुलं मोठी झाली, कुणाच्या सुना आल्या. माझ्याजवळ ती वही होती. मला एकदा, फक्त एकदा, उजव्या बाजूचा, आपल्या संघाचा आकडा मोठा लिहायचा होता.

आणि लिहिला. तेवीस. तू शेवटचा चेंडू टाकलास तेव्हा मी इतकी आनंदले की दहा-बारा क्षण तार विसरले. हे मला सर्वांत जास्त छळतं. विसरले. मग आठवली, तरी फोटोवाला आला म्हणून पुन्हा थांबले. आता दहा मिनिटांनी काय होणार, असं म्हणून. फोटो नीट पाहिलास तर माझ्या वहीतून एका कागदाचा कोपरा बाहेर आलेला दिसेल. वर्षभर तो काचेत टांगलेला आहे, आणि कुणाच्याही लक्षात आलेला नाही. म्हणून मी मागच्या जिन्याने जाते. म्हणून प्रतही पाठवत नाही. तो फोटो आईंना दाखवायचा नाही.

तुला दीडची गाडी मिळाली. तू घरी पोचलीस तेव्हा दिवस मावळत होता. ते चारला गेले. दहाच्या गाडीने तू अडीचला पोचली असतीस. हा हिशेब तू करू नयेस म्हणून मी वर्षभर खोटं बोलले, असं म्हणणंही खोटंच ठरेल. मी माझ्यासाठी बोलले.

तुझी आई माझं नाव काढते.

आज सकाळी कोर्टावर चौघींना सांगितलं. बनू त्या खोट्या तारेची आठवण होऊन रडायला लागली, जसा काही तिचाच गुन्हा. रंगू तेवढी म्हणाली, "बाई, त्या दिवशी आमी नाचलो हुतो." मग तिने बादली उचलली आणि पाणी शिंपडायला लागली.

ये, असं म्हणायचा हक्क मी गमावला आहे. तू आली नाहीस तर का आली नाहीस ते त्यांना माहीत आहे, आणि त्या तुला बोल लावणार नाहीत. मुलींची पत्रं उघडणं मी बंद केलं आहे. प्राचार्य म्हणाले, नियम नियम असतो. म्हटलं, मग नवीन रेक्टर बघा. अजून बघितलेली नाही.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

विजयमाला


अहमदनगर,
११ डिसेंबर १९७२

चांगुणा,

सुखरूप पोचलीस का? उत्तर नको. विचारल्यावाचून राहवलं नाही.

काल काय झालं ते तुला माहीतच आहे. तरी टेबलाच्या या बाजूने कसं दिसलं ते लिहून ठेवते.

साडेदहाला पंचांनी शिट्टी वाजवली. संगमनेरच्या पाचजणी उभ्या राहिल्या आणि समोर आपल्या चार. मी वहीत चार नावं लिहिली होती आणि पाचवी ओळ कोरी. पंच घड्याळ बघायला लागले. प्राचार्य खुर्चीत बसून होते, तेही बघायला लागले. संगमनेरच्या बाई हळूच म्हणाल्या, "कशाला उन्हात उभ्या करता लेकरांना?" बायडाने ते ऐकलं आणि तिथूनच म्हणाली, "आमाला ऊन लागत न्हाई, तुमी सावलीत बसा!"

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी रस्त्याकडे पाहत नव्हते. वहीत पाहत होते, त्या कोऱ्या ओळीकडे.

मग मच्छिंद्र म्हणाला, "बाई. आली."

तू फाटकातून आली नाहीस. लिंबाजवळ कुंपणाला भगदाड आहे, तिथून वाकून आत आलीस, चपला हातात घेऊन. उन्हाने इतकी काळवंडली होतीस की मी क्षणभर ओळखलं नाही. मुली धावल्या, पण तू त्यांना हाताने थांबवलंस आणि सरळ टेबलापाशी आलीस. पिशवीतून घडी केलेली तार काढून वहीवर ठेवलीस.

"वहीतच ठेवा, बाई. आमच्या घरात हिला जागा न्हाई. आईला सांगितलं न्हाई म्या."

मग तू म्हणालीस, "नाव लिवा. टाइम जातोय."

मी लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं आहे. वही जपून ठेवणारं कुणी पुढे वाचेल तर म्हणेल, या बाईला लिहिता येत नव्हतं. चांगुणा सहादेव, पाच नंबर.

आपण एक्केचाळीस-चौदाने हरलो. चौदांतले आठ तुझे. तुझे हात बदलले आहेत. पूर्वी तू चेंडू सोडायचीस, आता फेकतेस. पहिले तीन फळीच्याही वरून गेले, आणि मग तू स्वतःवरच हसलीस. मला वाटलं होतं, पुन्हा कधी तुझं हसणं पाहायला मिळणार नाही. ते माझ्यासाठी नव्हतं हे ठाऊक आहे. मी नुसती तिथे होते. शेवटची पाच मिनिटं लंका बाहेर गेली, पाय मुरगळला म्हणून. चौघी खेळलात. गुण भरून निघणार नाहीत हे सगळ्यांना कळत होतं, तरी तू धावत होतीस. साबणाच्या वासाची धूळ माझ्या वहीवर येत होती.

एकदा मी कुंपणाकडे पाहिलं. लिंबाखाली घोंगडी होती. मी नजर काढून घेतली नाही. या खेपेला ते माझ्याकडे पाहत नव्हते. तू जिकडे पळायचीस तिकडे त्यांची मान वळत होती. तुझा चेंडू रिंगमधून गेला तेव्हा मला टाळी ऐकू आली, की वाटली, ते मी ठरवलेलं नाही. पुन्हा पाहिलं तर तिथे मच्छिंद्रची सायकल होती.

प्राचार्य जाताना "उतरल्या तर खऱ्या" एवढंच म्हणाले. खांबांचं काही बोलले नाहीत.

दीडच्या गाडीला तुला सोडायला मी आले नाही. यायला पाहिजे होतं की नको होतं, ते फाटकात उभी राहून ठरवेपर्यंत तुम्ही कोपऱ्यावरून वळलात. रंगू परत आली तेव्हा तिला मी काही विचारलं नाही. तिनेच सांगितलं. तू म्हणालीस म्हणे, "बाईंनी न सांगता सोडलं असतं तर मला सोपं गेलं असतं. आता मला रोज राग धरावा लागतो. लई वजन हुतं त्याचं." आणि मग म्हणालीस, "सामना असंल तवा येत जाईन. टीम काय बाईंची न्हाई, आपली हाय."

हे बरोबर बोललीस. तीन वर्षं ती माझी आहे असं मी धरून चालले होते.

तार वहीत आहे. वही आता हात लावला की त्याच पानावर उघडते. उघडू दे.

विजयमाला


अहमदनगर,
८ जानेवारी १९७३

चांगुणा,

या पत्राचं उत्तर द्यायचं नाही. एकच गोष्ट कळवायला लिहिते आहे.

आज सकाळी पोस्टमन आला. ओसरीवर मी एकटीच होते, मुली पाणी घेऊन कोर्टावर गेलेल्या. चार पत्रं होती आणि त्यात एक जामखेडच्या शिक्क्याचं. अक्षर मी ओळखलं. वर रंगूचं नाव होतं.

पाकीट नीट चिकटलेलंही नव्हतं. एका कोपऱ्याला उघडं होतं, बोट घातलं असतं तर वर आलं असतं. आत तुझी खुशाली असेल. पुढच्या सामन्याला येणार की नाही ते असेल. माझ्याबद्दल एखादी ओळ असेल, किंवा नसेल. मी ते हातात धरून उभी राहिले. भिंतीवरचं घड्याळ तेच आहे.

मग अनवाणीच मैदानावर गेले. रंगूने ओल्या हातांनी पाकीट घेतलं, तिथेच रेषेवर बसून वाचलं, एकदा हसली, एकदा गप्प झाली, आणि घडी करून कमरेला खोचलं. मी काही विचारलं नाही. तिने काही सांगितलं नाही.

तुझं पत्र पोचलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी आलं. नऊ वाजून बारा मिनिटांनी दिलं.

विजयमाला